ओहोटी कॉलेजच्या वेळेत येत नाही

परवा एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. विषय सागरी जीवशास्त्र. वर्गात ११ विद्यार्थी, त्यातल्या ८ मुली. (मी जाते तिथे बहुतेक ठिकाणी आता असंच दिसतं. मुलगे इंजिनिअरिंगला जातात आणि ‘नुसतं सायन्स’ मुलींना उरतं. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

एका मुलीचा प्रकल्प होता खाडीकाठच्या तिसऱ्यांची घनता. पद्धत नेहमीचीच. काठापासून पाण्याच्या दिशेने दोरी लावायची, ठरावीक अंतरावर अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट ठेवायची, चौकटीतला चिखल खणून चाळायचा आणि सापडतील ते जीव मोजायचे. पुस्तकात याला ट्रान्सेक्ट आणि क्वाड्राट म्हणतात. नावं भारी, काम खुरपणीसारखं कंबर मोडणारं. मुलीने ते मन लावून केलेलं दिसत होतं. तक्ता नीटनेटका, आलेख रंगीत. फक्त खालच्या पट्ट्याच्या रकान्यात सहाच्या सहा फेऱ्यांना शून्य.

मला नवल वाटलं, कारण ती खाडी माझ्या ओळखीची आहे. तिथल्या बायका तिसऱ्या काढतात त्या मुख्यतः खालच्याच पट्ट्यातून. मी विचारलं, ‘‘इथे एकही मिळाली नाही?’’

तिने आधी मार्गदर्शक सरांकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘‘मॅडम, आम्ही पोचायचो तेव्हा तिथे पाणी असायचं.’’

‘‘मग शून्य का लिहिलंस?’’

‘‘जागा रिकामी ठेवली तर सॉफ्टवेअर अडत होतं. सर म्हणाले, शून्य टाक.’’

सर हसले. मीही, खरं सांगते, तेव्हा फार काही बोलले नाही. मुलगी हुशार होती, गुण देऊन टाकले. पण घरी परतताना एस.टी.त ते शून्य डोक्यातून जाईना. त्याच्याबद्दल आज लिहिते आहे. हा विज्ञानाचा विषय आहे, आपला नाही, असं म्हणून पान उलटू नका. त्या शून्यात बायका आहेत. दोन्ही बाजूंनी आहेत.

आधी ओहोटीबद्दल. कोकणातल्या कुठल्याही कोळणीला विचारा, ती तिथीवरून भरतीची वेळ सांगेल. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. शाळेच्या भूगोलातही हा हिशेब असतो. आता यावरून पुढचा हिशेब करून बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. पाणी सगळ्यात जास्त चढतं तसं सगळ्यात जास्त उतरतंही, आणि खालचा पट्टा उघडा पडतो तो तेव्हाच. पण त्या दिवशीची ओहोटी असते पहाटे पाच-सहाला आणि पुन्हा संध्याकाळी पाच-सहाला. दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी येते ती अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत. आणि भांगाची ओहोटी ती, पाणी थोडंसंच मागे सरतं.

कॉलेजची गाडी दहाला निघते, साडेअकरा-बाराला किनाऱ्यावर पोचते, चारला परत फिरते. म्हणजे पौर्णिमेला गेलात तर समोर भरलेली खाडी, अष्टमीला गेलात तर अर्धवट उतरलेली. दहा ते पाचच्या वेळात आपल्या किनाऱ्याचा खालचा पट्टा जवळजवळ दिसतच नाही. ही एखाद्या मुलीची हयगय नाही. चंद्र आणि कॉलेजचं वेळापत्रक यांचं जमत नाही इतकंच, आणि वेळापत्रक बदलायला कुणी तयार नाही.

मुलगे जातात. चौघे मिळून मोटरसायकली काढतात, कुणाच्या तरी पडवीत रात्र काढतात, पहाटे चिखलात उतरतात. मुलीला वसतिगृहाचं दार सातला बंद, पहाटेची एस.टी. नाही, आणि परवानगीच्या अर्जावर वडिलांची, वॉर्डनची, विभागप्रमुखांची अशा तीन सह्या. होडीतून नमुने घ्यायचे असले तर ‘‘तांडेल बाईमाणसाला घेत नाहीत’’ असं तांडेलाला न विचारताच सांगितलं जातं. किनाऱ्यावर आडोसा नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिता सहा-सात तास उन्हात उभं राहायचं. पाळी असली की ‘‘बरं वाटत नाही’’ म्हणून घरी राहायचं. मग मुलींच्या वाट्याला प्रयोगशाळा येते. मुलांनी आणलेला चिखल चाळायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघून जीव ओळखायचे, मोजायचे, संगणकात भरायचे. आणि वर कौतुक, की मुली चिकाटीच्या असतात हो, बारीक कामात त्यांचा हात धरणार नाही कुणी! स्वयंपाकघरातली विभागणी जशीच्या तशी उचलून प्रयोगशाळेत नेली आहे. बाहेरून कच्चा माल आणणारा तो, निवडणारी-टिपणारी ती, आणि प्रबंधावर पहिलं नाव आणणाऱ्याचं.

१९८३ च्या अखेरीस निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून अदिती पंत आणि सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकाला गेल्या. भारतीय मोहिमेतून तिथे गेलेल्या या पहिल्या स्त्रिया. अदिती पंत सागरशास्त्रज्ञ, नागपुरात जन्मलेल्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या. याला चाळीस वर्षं होऊन गेली. आणि आमच्याकडे मुलीने पहाटे पाचला गावच्या खाडीत उतरावं की नाही यावर अजून विभागाच्या सभा होतात.

‘‘मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे’’ हे वाक्य त्या सभेत नेमकं अर्ध्या तासानंतर येतं. सुरक्षितता मलाही हवी आहे. पण सुरक्षितता म्हणजे मुलीला न नेणं, हा सोयीचा अर्थ. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली लैंगिक छळाविरोधी विनियम काढले. त्यात शिक्षणसंस्थेच्या ‘परिसरा’ची व्याख्या मुद्दाम रुंद केली आहे. क्षेत्रभेटी, अभ्याससहली, शिबिरं आणि तिथे जाण्यायेण्याचा प्रवास, सगळं त्यात येतं. म्हणजे खाडीच्या काठावर, गाडीत, मुक्कामाच्या घरी काही झालं तरी संस्थेच्या तक्रार समितीला ते आपलं म्हणून घ्यावं लागतं. विशाखा निकालापासून, म्हणजे १९९७ पासून, आपण हे भांडून मिळवलेलं आहे. पण क्षेत्रभेटीला निघताना मुलांच्या हातात सूचनांचा जो कागद देतात त्यात टोपी, पाण्याची बाटली, जुने बूट एवढंच असतं. तक्रार कुणाकडे करायची, सोबत स्त्री-शिक्षक आहे का, मुक्काम कुणाच्या घरी, याची एक ओळ नसते. मी जवळजवळ ३० वर्षं असे कागद वाटले आहेत. माझ्याही कागदात ती ओळ फार उशिरा आली.

आता शून्याची दुसरी बाजू. इथे मला माझंच पाप सांगायचं आहे.

१९८७ साली मी माझा एम.एस्सी.चा प्रबंध एका खाडीवर केला. अकराच्या एस.टी.ने जायची, तीनच्या गाडीने परत. तिसऱ्या खेपेला गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले. जितकी धडपडावं तितकी आत. वरच्या अंगाने दोन बायका टोपल्या डोक्यावर घेऊन परतत होत्या. त्यांनी टोपल्या खाली ठेवल्या, मला दोन्ही काखांत हात घालून उपसून काढली आणि वर शिकवलं, ‘‘गो बाय, टाच नको रोवू, पाऊल आडवा टाक नि थांबू नको.’’ पुढच्या सगळ्या खेपा मी त्या एका वाक्यावर केल्या. कुठल्या भागात चिखल घट्ट, कुठे खुबे, कुठे कालवं, पावसाचं गोडं पाणी आलं की तिसऱ्या किती खोल जातात, हे सगळं त्यांच्याकडून कळलं.

आणि प्रबंधात काय लिहिलं? ‘खाडीतील मासेमारी’ या प्रकरणात एक तक्ता होता: नौकेचा प्रकार, नौकांची संख्या, जाळ्याचा प्रकार, अंदाजे उत्पन्न. नौका ११. त्या बायकांना होडी नव्हती, जाळं नव्हतं. हात होते, एक लोखंडी सळई होती आणि टोपली होती. तक्त्यात त्यांना ओळच नव्हती. शेवटी एक वाक्य लिहिलं, की काही स्त्रिया घरगुती वापरासाठी शिंपले गोळा करतात, प्रमाण नगण्य. कशावरून नगण्य? मोजलं नव्हतं. त्यांनी त्या दिवशी माझ्यासमोर दोन भरलेल्या टोपल्या उचलून डोक्यावर घेतल्या होत्या आणि त्या बाजारात जाणार होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही हात ‘नगण्य’ लिहून गेला, कारण आधीच्या सगळ्या प्रबंधांत तेच लिहिलेलं होतं.

२००९ साली त्याच खाडीत धक्का बांधायचं ठरलं. जनसुनावणी होती. गावातल्या बायकांनी आमच्या गटाला बोलावलं, कारण अहवाल इंग्रजीत. मी रात्री बसून वाचत होते. पर्यावरणाच्या सद्यस्थितीच्या प्रकरणात एक ओळ होती: प्रकल्पक्षेत्रात शिंपले गोळा करण्याचे प्रमाण नगण्य. खाली आधार म्हणून माझा प्रबंध. माझं नाव, लग्नाआधीचं.

दुसऱ्या दिवशी सुनावणीत मी उठून सांगितलं, की ते वाक्य माझं आहे आणि ते खोटं आहे. साहेबांनी शांतपणे विचारलं, ‘‘मग खरा आकडा किती?’’ माझ्याकडे नव्हता. बायकांकडे होता, पण तो त्यांच्या भाषेत, टोपल्यांत आणि तिथींत, आणि तो लिहून घ्यायला त्या टेबलावर कुणाला वेळ नव्हता. धक्का झाला. गाळ उपसला तेव्हा तो खालचा पट्टाच गेला. नुकसानभरपाई मिळाली ती नोंदणी असलेल्या होड्यांना. मला चिखलातून काढणाऱ्या दोघींपैकी एक तेव्हा हयात होती. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून विद्यार्थ्यांना आकडेवारी शिकवताना मी पहिला तास शून्यावर घेते. सापडलं नाही ते शून्य. बघितलंच नाही ती रिकामी जागा. दोन्ही एक नव्हेत. समजा वरच्या पट्ट्यात चौकटीमागे ५ तिसऱ्या मिळाल्या, मधल्यात १०, आणि खालचा पट्टा पाहिलाच नाही. तिथे शून्य टाकलं तर सरासरी येते ५. रिकामा ठेवला तर साडेसात, आणि ती फक्त दोन पट्ट्यांची, हे लिहावं लागतं. पहाटे जाऊन खरंच मोजलं आणि ४५ निघाल्या, तर सरासरी २०. एकाच खाडीचे हे तीन आकडे, आणि धक्क्याच्या फाइलीत कुठला जाईल ते तुम्हीच सांगा. ‘आर’ नावाचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकात सुरू केलेलं. त्यात न घेतलेल्या नोंदीसाठी ‘एनए’ अशी खूण असते. रकान्यात ती असताना सरासरी मागितली तर ते आकडा देतच नाही, उलट ‘एनए’ म्हणून अडून बसतं. मग तुम्हाला ठरवून, उघडपणे सांगावं लागतं की ही जागा सोडून दे. मला या अडून बसण्याचं फार प्रेम आहे. परवाच्या त्या मुलीचं सॉफ्टवेअर अडलं ते बरोबर अडलं होतं. चुकलं ते सरांचं.

कुणी म्हणेल, मोठ्या संस्था शास्त्रशुद्ध मोजतातच की. मोजतात. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीचा अंदाज घेण्याची जी नमुना-पद्धत बसवली ती मी आदराने शिकवते. सबंध देशाचा एवढा लांब किनारा थोड्या माणसांत मोजायचा म्हणजे चेष्टा नाही. पण तिचा पाया बंदर आणि होडी हा आहे. मागच्या दाराने डोक्यावरून घरात जाणारी टोपली बंदरावर उतरत नाही. संस्थेच्या २००५, २०१० आणि २०१६ च्या गणनांमध्ये मासळी विकणाऱ्या, सुकवणाऱ्या, सोलणाऱ्या बायकांची नोंद आहे, हेही मान्य. पण किती बायका, हे कळलं म्हणून त्यांच्या हातांनी खाडीतून किती निघतं, हे कळत नाही. २०२० मध्ये सारा हार्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभराचा अंदाज मांडला: समुद्रातल्या छोट्या मासेमारीत सुमारे २१ लाख बायका वर्षाला सुमारे २९ लाख टन मासळी आणि शिंपले काढतात, आणि छोट्या मासेमारीत प्रत्यक्ष मासळी काढणाऱ्यांत त्या जवळपास ११ टक्के आहेत. अंदाजच आहे तो. पण ११ टक्क्यांना नगण्य म्हणत नाहीत.

‘‘त्या घरच्यापुरतं गोळा करतात, ती काही मासेमारी नव्हे’’ हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. शेतात राबणाऱ्या बाईला जनगणनेत ‘काम करत नाही’ लिहायचे. त्यावर आपल्या संघटना भांडल्या आणि १९९१ च्या जनगणनेत शेतातलं वा घरच्या धंद्यातलं बिनमोबदल्याचं कामही काम म्हणून विचारलं गेलं. इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा ‘श्रमशक्ती’ अहवाल १९८८ चा. शेताच्या बाबतीत जी लढाई आपण तेव्हा लढलो ती चिखलात अजून सुरूच झालेली नाही. त्यातून खाडीत उतरणाऱ्या सगळ्या कोळणी-खारवणीच असतात असंही नाही. दालदी मुसलमान बायका असतात, कुणबी बायका असतात, भोई असतात. मच्छीमार सोसायटीच्या वहीत बहुतेकींचं नाव नाही. सभासद नवरा, तो नसला तर दीर. प्रश्नावलीच्या पहिल्या ओळीत ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’ असतं, आणि पाहणीला आलेला मुलगा अंगणातून हाक मारतो, ‘‘घरात कुणी आहे का?’’ बाई सांगते, ‘‘नाही, सगळे बाहेर गेलेत.’’ ती स्वतः दारात उभी असते.

आता थोडं आपल्याकडेही. आकड्यांची आपल्याला चळवळीत एक शिसारी आहे. अनुभव खरा, आकडे म्हणजे सरकारी लबाडी, असं आपण म्हणत आलो आणि त्यात तथ्यही होतं. पण त्यामुळे वही त्यांच्या हातात राहिली. वाढवण बंदराला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी पायाभरणीही झाली. त्याआधी कित्येक वर्षं तिथल्या बायका रस्त्यावर होत्या. अशा ठिकाणी आपण घोषणा लिहून देतो, गाणी लिहून देतो. तिथीवार टोपल्यांची नोंद ठेवायला वर्षभर कोण बसतं? सुनावणीत ‘‘खरा आकडा किती?’’ असं विचारल्यावर गप्प उभं राहण्याची लाज मी अनुभवली आहे. ती दुसरीच्या वाट्याला येऊ नये असं वाटतं.

मात्र मोजणं म्हणजे पुण्यकर्म नव्हे, हेही मला बायकांनीच सुनावलं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका खाडीवर आम्ही नोंदी सुरू करायला गेलो तर एक मावशी म्हणाली, ‘‘तुम्ही लिहून न्याल, उद्या कुणीतरी बघेल इथे किती पैका आहे ते, नि ठेका काढेल. मग आम्हालाच काठावर उभं करणार.’’ मी निरुत्तर झाले. तिचं म्हणणं चुकीचं नाही. गुपित राहिलेली जागा कधीकधी वाचते. शेवटी असं ठरलं, की नेमकी जागा नकाशावर टाकायची नाही, फक्त पट्टा सांगायचा. वही गावातल्या दोघींकडे राहील, आम्हाला नक्कल मिळेल, आणि ती कुठे छापायची ते त्या सांगतील. सही किंवा अंगठा घेऊन संमतीपत्र भरून घेतलं की झालं, असं नीतिमत्तेच्या तासाला शिकवतात. या वहीच्या अटी ठरवायला आम्हाला तीन बैठका लागल्या.

तेव्हा विद्यापीठांकडे माझं मागणं फार तांत्रिक आहे, आणि म्हणूनच त्यांना टाळायला जड जाईल असं वाटतं. क्षेत्रकार्याचं वेळापत्रक पंचांग बघून लावा. पहाटेच्या ओहोटीला मुलींसह जायचं असेल तर गावात दोन दिवसांचा मुक्काम, त्याचा खर्च विभागाचा, आणि आडोशाची सोय आधी बघून ठेवलेली. जिच्या घरी राहता आणि जी तुम्हाला चिखलात चालायला शिकवते तिला मानधन द्या. सरांच्या पाहुण्या व्याख्यात्याला देता ना? आणि प्रबंधात न घेतलेल्या नोंदीच्या जागी शून्य सापडलं तर गुण कापा. मी तरी यापुढे कापणार आहे.

परवाच्या त्या मुलीला मी नंतर फोन केला. गुणांबद्दल काही बोलले नाही. पौर्णिमेला आम्ही त्या खाडीवर जातो आहोत, येतेस का, विचारलं. ती म्हणाली, ‘‘मॅडम, बाबांना तुम्ही विचाराल?’’ विचारलं. त्यांनी दोन दिवसांनी होकार दिला, आई सोबत येईल या अटीवर. आईलाही घेऊन जातो आहोत. पहाटे साडेचारला निघायचं आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी जुनी साडी किंवा सलवार, पाण्याची बाटली आणि एक वही आणावी. बूट नकोत, चिखलात राहतात. मावशींच्या घरी संडास-न्हाणीची सोय आहे.